कागदावर उघडलेले तळे

दाराची कडी काढली म्हणजे घर सर्वांसाठी उघडले, असे होत नाही. उंबरठ्याशी उभ्या असलेल्या माणसास आत जाण्याचे भय वाटत असेल, तर उघडे दारही त्याला बंदच असते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास हेच सांगतो.

हे तळे सार्वजनिक होते. तेथे गुरेढोरे पाणी पीत. परंतु ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्या माणसांना मात्र तेथे मज्जाव होता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने या लोकांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने हे तळे खुले केले. ठराव झाला, तथापि तळ्याकाठी कोणी फिरकले नाही. का बरे? पाणी घेणाऱ्यास मार बसेल, ही धास्ती कायम होती, आणि त्याच्या रक्षणाची हमी कोणी घेतली नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. इतक्यात, हे लोक आता देवळातही शिरणार, अशी खोटी आवई उठली. काठ्या घेतलेल्या जमावाने परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला केला. पुष्कळ जण जखमी झाले. तरीही बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना शांत राहावयास सांगितले. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या लोकांचा हक्क मान्य केला. कागदावरचा हक्क पक्का होण्यास तेरा वर्षे लागली!

मुलांनो, या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे असे, ज्यांना पाण्याची कधीच बंदी नव्हती, तेही बाबासाहेबांच्या बाजूस उभे राहिले. याचे मोल मोठे आहे. दुबळ्याला हक्क देणारा नियम हवा, तो मोडणाऱ्यास अडविणारी सत्ता हवी आणि जे आधीपासून आत आहेत, त्यांची सोबतही हवी. यांतील एकही उणे असून चालत नाही.

तळी आजही अनेक प्रकारची आहेत. वर्गातील बाक, खेळाचे मैदान, मोबाईलवरील मित्रांचा गट, ही सारी तळीच होत. तेथे कोणाच्या जातीवरून, बोलीवरून वा व्यंगावरून थट्टा चालते, खोटी आवई उठते आणि बाकीचे मुकाट पाहत राहतात. अशा वेळी ‘हे थांबवा’ असे स्पष्ट सांगावे, वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे आणि दुखावलेल्या सोबत्याच्या शेजारी जाऊन बसावे. ‘सर्वांना प्रवेश आहे’ अशी पाटी लावणे सोपे असते. आत आलेल्यास निर्भयपणे बसता येईल असे करणे, हेच खरे स्वागत होय.