उंबरठ्याच्या आतला अंमल

झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की बरुआसागर लागते. ओरछ्याच्या राजा उदितसिंहाने बांधविलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठचा किल्ला आणि आल्याचा मोठा व्यापार यांमुळे बुंदेलखंडात नावाजलेला हा कसबा मराठी वाचकालाही अगदीच परका नाही. १७४४ साली पेशव्यांच्या फौजेची बुंदेल्यांशी येथे लढाई झाली, आणि या भागातील चोरांच्या बंदोबस्तासाठी लक्ष्मीबाई स्वतः गेल्याची हकीकत गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवून ठेवली आहे. लढायांची आणि दरोड्यांची दप्तरे राहतात. पतीने पत्नीवर केलेल्या मारहाणीचे दप्तर मात्र या मुलखात, किंबहुना साऱ्या देशातच, फार उशिरा उघडले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने हा प्रश्न घरोघरी जाऊन सविस्तर विचारण्यास आरंभ केला तो २००५-०६ च्या फेरीत.

पुढे २०१९-२१ च्या फेरीत अठरा ते एकोणपन्नास वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकी पतीची हिंसा अनुभवलेल्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशात शेकडा सुमारे ३५ निघाले. हा आकडा वाचून उत्तरेविषयी जे बोलण्याची आपल्याकडे सवय आहे ते बोलण्यापूर्वी महाराष्ट्राचा आकडाही पाहावा, तो २५ च्या घरात आहे. याच पाहणीत सात कारणे वाचून दाखवून, यांपैकी एखाद्यासाठी नवऱ्याने बायकोवर हात उगारणे रास्त आहे काय, असे स्त्रीपुरुष दोघांनाही विचारले होते. न सांगता बाहेर जाणे, सासरच्यांचा मान न राखणे, स्वयंपाक नीट न करणे, अशी ती कारणे. निदान एका कारणाला होकार देणारे पुरुष देशभरात शेकडा ४४ निघाले आणि स्त्रिया ४५. ज्या अंमलाखाली राहावयाचे त्याचा कायदा रयतेनेही मनोमन मान्य केला आहे, असा याचा अर्थ होतो, आणि मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य कोणापाशीही तोंड उघडत नाहीत याचे कारणही पुष्कळ अंशी तेच असावे.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही: नवरेही मार खातात, मग स्त्रीचेच गाऱ्हाणे का? अमेरिकेत मरी स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली दोन हजारांवर कुटुंबांची पाहणी केली, तीत वर्षभरात जोडीदारावर हात टाकल्याचे सांगणाऱ्या पतींचे आणि पत्नींचे प्रमाण जवळजवळ सारखे भरले, आणि तेव्हापासून हा वाद विद्वानांत आजतागायत धुमसत आहे. त्यातून वाट काढली ती मायकेल जॉन्सन यांनी १९९५ साली. भांडण विकोपाला जाऊन एखाद्या वेळी कोणीतरी कोणावर हात उगारतो, हा एक प्रकार. आणि पैसा, माहेरचे येणेजाणे, कोणाशी बोलावे, कोठे जावे, हे सर्व आपल्या मुठीत ठेवण्यासाठी एकाने दुसऱ्यावर वर्षानुवर्षे बसविलेली दहशत, जीत मारहाण हे अनेकांपैकी एक हत्यार असते, हा निराळा प्रकार. पहिल्यात स्त्रीपुरुष जवळपास बरोबरीचे सापडतात. दुसऱ्यात स्त्रीपुरुषांच्या जोडप्यांत जरब बसविणारा बहुतेक पुरुषच आढळतो. नुसत्या थपडा मोजणाऱ्या पाहणीला हा भेद दिसत नाही, कारण थप्पड कोणाची आणि रात्रीची झोप कोणाची उडते, या दोन गोष्टी एका रकान्यात मावत नाहीत. प्रेतांची मोजणी मात्र साफ बोलते: संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०१७ साली पती वा जोडीदाराच्या हातून जगभरात जे जीव गेले त्यांत शेकडा ८२ स्त्रियांचे होते. मार खाणाऱ्या पुरुषाचे दुःख खोटे नव्हे. त्याला दुखापतीची फिर्याद करण्यास फौजदारी कायदा मोकळा आहे, आणि लाजेपोटी तो करीत नाही ही जरब बसविणाऱ्या पुरुषीपणाचीच दुसरी बाजू आहे.

दारूचे कारण सर्वांच्या तोंडी असते. २०१९-२१ च्याच कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार झिंगत असेल तर शेकडा ७० स्त्रियांनी हिंसा सांगितली, मुळीच पीत नसेल तर २३ जणींनी. म्हणजे दारूने आग भडकते खरी, पण सरपण आधीच रचलेले असते. ते सरपण कोणते, याचा माग मला बाटलीपेक्षा खतावणीत अधिक लागतो. बुंदेलखंडात मुलगी परगावी देतात. ती ज्या गावी येते तेथे दीर, चुलते, शेजारी सगळे नवऱ्याचे, शेतात आल्याची लावणी-काढणी ती करणार आणि जमिनीच्या कागदावर नाव नवऱ्याचे वा सासऱ्याचे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळातील तिरुअनंतपुरम जिल्ह्यात सुमारे पाचशे विवाहित स्त्रियांची पाहणी करून २००५ साली जे मांडले ते या दृष्टीने फार मोलाचे आहे: जिच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही, अशांपैकी शेकडा ४९ जणींनी पतीची मारहाण सोसली होती, दोन्ही जिच्या नावावर, अशांत ७. शिक्षण किंवा पगार यांपेक्षा जाण्यास स्वतःचे छप्पर आहे ही जाणीव पतीच्या हाताला अधिक आवरते, असे यावरून दिसते.

बरुआसागरवरून जाणारी झाशी-माणिकपूर रेल्वे पुढे बांदा आणि चित्रकूट गाठते. बांद्याच्या संपत पाल यांची गुलाबी लुगड्यांची, काठीधारी ‘गुलाबी गँग’ २००६ पासून देशोदेशी गाजली. पण मला अधिक शिकवून गेले ते चित्रकूटच्या ‘वनांगना’चे काम, ज्याची छायाचित्रे तितकी निघाली नाहीत. महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमात दलित आणि कोल समाजाच्या स्त्रियांना हापसे दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळाले. लोखंडी पाना घेऊन नळाचे तुकडे एकामागून एक वर ओढावयाचे, दट्ट्याचे झिजलेले वायसर बदलावयाचे, पुन्हा सगळे खाली सोडावयाचे. अशा स्त्रियांना घेऊन १९९३ साली ही संस्था उभी राहिली. पाण्याच्या कामासाठी बायका गावोगाव हिंडू लागल्या तशी घराघरातली हकीकत त्यांच्या कानी पडू लागली, आणि पुढे जळालेल्या, मारलेल्या सुनांच्या प्रकरणांत ‘मुझे जवाब दो’ हे पथनाट्य घेऊन त्या सासरच्याच गावात उभ्या राहिल्या. ज्या बाईने भर उन्हात गावचा बंद हापसा चालू केला तिला चारचौघांत बोलू नकोस म्हणणे गावालाही थोडे जड गेले असावे.

कायद्यापुरते बोलावयाचे तर १९८३ साली दंडसंहितेत आलेले कलम ४९८-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत ८५ व्या क्रमांकावर बसले आहे, ते शिक्षेचे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मुख्यतः संरक्षणाचा. पुष्कळ स्त्रियांना नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबावा आणि डोक्यावरचे छप्पर राहावे एवढेच हवे असते. हे ओळखून केलेला हा दुसरा कायदा आहे. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात बरुआसागरला ठाणे आहे, पण उत्तर प्रदेशात संरक्षण अधिकाऱ्याचे काम जिल्हा प्रोबेशन अधिकाऱ्याकडे, म्हणजे झाशीला. वकील झाशीला, न्यायदंडाधिकारी झाशीला, आणि दर तारखेचे भाडे व बुडालेली मजुरी त्या बाईच्याच अंगावर.

या कायद्यातला राहत्या घराचा हक्क तर अंमलाच्या पहिल्याच वर्षी लंगडा झाला: डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरात सुनेला असा हक्क सांगता येत नाही, असे ठरविले, आणि एकत्र कुटुंबाच्या या देशात घर सासूसासऱ्यांच्या नावावर असणे हाच रिवाज असल्याने असंख्य अर्ज त्या एका निकालापाशी अडले. ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात त्याच न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरविला. दस्तऐवजावर नाव कोणाचे यापेक्षा सून त्या घरात पतीबरोबर नांदत होती काय, हे पाहावयाचे. सासऱ्याला आपली बाजू मांडण्याची मुभा ठेवून, आणि गरज पडल्यास दुसऱ्या निवाऱ्याची तजवीज करण्याचा मार्ग राखून, हा हक्क आता उभा आहे; झाशीच्या कचेरीत अर्ज लिहिणाऱ्याला त्याची खबर असली म्हणजे झाले.