पद्मिनीचं ट्यूनिंग: आधी पॉइंट, मग कार्बोरेटर

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांनी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून जपल्या जातात.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं ट्यूनिंग डिस्ट्रिब्युटरपासून सुरू होतं. त्यातले पॉइंट घासून साफ करायचे, फीलर गेजने त्यांची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते, म्हणून टायमिंग त्यानंतरच. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी, इंजिन गरम असताना. पहिल्यांदा कार्बोरेटरचाच स्क्रू फिरवणं ही सर्रास होणारी चूक. खरा दोष बहुधा पॉइंटमध्येच असतो.

सीएनजीवरच्या गाडीत ठिणगी अधिक जोरकस लागते, त्यामुळे प्लगची फट किंचित कमी ठेवतात.