तोल्मिंगकेमेन ते चिस्तिये प्रुदी : एका ग्रामनामाचा इतिहास

रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात, नेस्तेरोव जिल्ह्यात, पोलंडच्या सरहद्दीपासून थोड्या अंतरावर चिस्तिये प्रुदी नावाचे एक लहान गाव आहे. ह्या रशियन नावाचा अर्थ 'स्वच्छ तळी' असा होतो. मॉस्को शहरातील एका सुपरिचित भागाचेही हेच नाव आहे. परंतु हे गाव १९४५ पर्यंत रशियात नव्हते, आणि त्याचे नावही हे नव्हते. १९३८ पासून महायुद्धाच्या अखेरीपर्यंत त्यास तोल्मिंगेन म्हणत. त्यापूर्वी जर्मन लिखाणात ते तोल्मिंगकेमेन असे लिहिले जाई. आणि लिथुआनियन भाषिक त्यास तोल्मिंक्येमिस म्हणत आले, आजही म्हणतात. एका दशकाच्या आत एका गावास तीन नावे मिळावी ही गोष्ट पूर्व प्रशियात अपवादात्मक नाही. तथापि ज्या गावाचे नाव अशा रीतीने बदलत गेले त्याच गावच्या धर्मोपदेशकाने लिथुआनियन भाषेतील पहिले मोठे काव्य लिहिले, आणि त्या काव्याच्या भाषेने तौलनिक व्याकरणाच्या अभ्यासकांना मोलाचा पुरावा पुरविला. ह्यामुळे ह्या ग्रामनामाची कथा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते.

प्रथम नावाचा विचार करू. मराठीत ज्याप्रमाणे '-गाव' किंवा '-वाडी' हे पद शेकडो ग्रामनामांच्या अंती येते, त्याप्रमाणे पूर्व प्रशियाच्या पूर्व भागात '-केमेन' हे पद येत असे : वाल्टरकेमेन, दारकेमेन, तोल्मिंगकेमेन. हे जर्मन पद नव्हे. लिथुआनियनमधील 'क्येमास' म्हणजे घराभोवतीचे आवार, वस्ती, खेडे. त्याचेच जर्मन लेखकांनी आपल्या वळणाने केलेले हे रूपांतर होय. त्याच शब्दाचे दुसरे रूप 'काइमास' हे आजच्या लिथुआनियनमध्ये 'खेडे' ह्या अर्थी रूढ आहे. बहुतेक व्युत्पत्तिकार ह्याचा संबंध गॉथिक 'हाइम्स्' (खेडे) आणि जर्मन 'हाइम' (घर) ह्यांच्याशी जोडतात, व त्यांच्या मागे संस्कृत 'क्षि' (राहणे) आणि 'क्षेम' ह्यांच्या मुळाशी असलेला धातू पाहतात. आपण 'योगक्षेम' म्हणतो त्यातील 'क्षेम' तो हाच. ह्या समीकरणात एक अडचण आहे ती नमूद केली पाहिजे. बाल्टिक ध्वनिनियमांप्रमाणे येथे आरंभी 'श' अपेक्षित आहे, व कुटुंबवाचक 'शेइमा' ह्या लिथुआनियन शब्दात तो आढळतोही. मग 'क्येमास'मध्ये 'क' कोठून आला? कित्येकांच्या मते हा शब्द फार प्राचीन काळी जर्मानिक भाषांतून उसना घेतलेला असावा. दोन्हींपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी '-केमेन' आणि '-हाइम' ही एकमेकांची सोयरी ठरतात. ही गोष्ट पुढे १९३८ च्या संदर्भात आठवावी लागेल.

ह्या प्रदेशाचे मूळ रहिवासी प्रशियन हे होत. त्यांची भाषा लिथुआनियनच्या कुळातील, म्हणजे बाल्टिक होती, जर्मन नव्हे. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक संघाच्या सरदारांनी त्यांना जिंकले आणि कालांतराने जेत्यांनीच जितांचे नाव धारण केले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ओसाड पडलेल्या पूर्व सीमाभागात लिथुआनियन शेतकरी येऊन वसले. १५२५ साली हे राज्य लुथरपंथी झाले, आणि प्रजेला धर्म तिच्या भाषेत सांगावयाचा ह्या धोरणामुळे लिथुआनियन भाषेतील पहिला मुद्रित ग्रंथ, माझ्विदास ह्याची प्रश्नोत्तरी, १५४७ साली कोनिग्जबर्ग येथे निघाला. त्या भाषेचे पहिले मुद्रित व्याकरणही तेथेच १६५३ साली प्रसिद्ध झाले. ह्या दोन्ही घटना लिथुआनियाच्या भूमीवर घडल्या नाहीत, त्या प्रशियात घडल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७०९ ते १७११ ह्या काळातील प्लेगने पूर्व प्रशियातील सुमारे सहा लाख लोकांपैकी दोन लाखांहून अधिक माणसे नेली. लिथुआनियन खेडी सर्वांत जास्त उजाड झाली. प्रशियन भाषा बोलणारी उरलीसुरली माणसेही त्याच सुमारास नाहीशी झाली. राजाने रिकाम्या शेतांवर स्विस, नासाउचे जर्मन आणि १७३२ पासून साल्झबुर्गमधून हद्दपार झालेले प्रॉटेस्टंट ह्यांना आणून बसविले. अशा रीतीने एकभाषी मुलूख एका पिढीत बहुभाषी झाला.

अशा ह्या मुलखात, गुम्बिनेनजवळच्या लाझ्दिनेल्याइ ह्या खेड्यात, क्रिस्तियोनास दोनेलाइतिस ह्याचा जन्म १ जानेवारी १७१४ रोजी झाला. कोनिग्जबर्गच्या विद्यापीठात त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तेथे भावी धर्मोपदेशकांना लिथुआनियन शिकविणारे एक अभ्यासमंडळ होते. त्यातही तो जात असे. स्टालुपेनेन येथे थोडा काळ शिक्षकी केल्यानंतर १७४३ साली तो तोल्मिंगकेमेनचा धर्मोपदेशक झाला आणि १७८० साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याची प्रवचने लिथुआनियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत होत. १७५६ साली त्याने दगडविटांचे नवे प्रार्थनामंदिर उभे केले. धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी स्वतःच्या खर्चाने घर बांधले. १७५७ साली रशियन फौजा चालून आल्या तेव्हा तो आपल्या लोकांसह रोमिंतेच्या अरण्यात जाऊन राहिला. फावल्या वेळी बॅरोमीटर, थर्मामीटर आणि पियानो बनविण्याचा त्यास छंद होता. आयुष्याच्या उत्तरार्धात सामाईक जमिनीच्या वाटणीवरून स्थानिक सरकारी अंमलदाराशी त्याचा दीर्घ तंटा चालला. आपल्यामागून येणाऱ्या धर्मोपदेशकासाठी त्याने जर्मन भाषेत टिपणे लिहून ठेवली. स्वतःच्या काव्याच्या प्रसिद्धीची मात्र त्याने काही तजवीज केली नाही.

ते काव्य म्हणजे 'मेताइ', अर्थात 'वर्ष' किंवा 'ऋतू'. त्यात जवळजवळ तीन हजार ओळी आहेत. वृत्त हेक्झामीटर आहे. ह्या वृत्तात प्रत्येक ओळीत सहा चरण असतात. चरणाचे मूळ रूप आपल्या छंदःशास्त्रातील 'भ' गणासारखे, म्हणजे एक गुरू व दोन लघू, आणि त्याऐवजी दोन गुरूही चालतात. ग्रीक व लॅटिन कवींनी हे माप स्वरांच्या दीर्घत्वावर बसविले होते, दोनेलाइतिसने ते मुख्यतः आघातावर तोलले. विषय मात्र ग्रीक नाही, लॅटिनही नाही. विझ्लाउकिस ह्या कल्पित खेड्यातील वेठबिगार शेतकरी, त्यांची शेणखताची गाडी, लग्नातील दारू, कारभाऱ्याची काठी, हिवाळ्यातील सरपण, हा त्याचा विषय. युरोपात त्या काळी ऋतुवर्णनपर काव्ये पुष्कळ लिहिली गेली. परंतु त्यांतील शेतकरी बहुधा दुरून पाहिलेला असतो. दोनेलाइतिसच्या शेतकऱ्याच्या तोंडी शिवी आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या बोलीतील आहे.

ह्या भाषेकडे पाहिले असता संस्कृत जाणणाऱ्यास नवल वाटते. काव्याच्या चार भागांच्या शीर्षकांतच ते दिसून येते. 'वासारा' (उन्हाळा) हा शब्द 'वसन्त' ह्याच्याशी संबद्ध आहे, आणि त्यास उपसर्ग लागून झालेला 'पावासारिस' म्हणजे वसंत ऋतू. 'झिएमा' (हिवाळा) म्हणजे आपल्या 'हिम' आणि 'हेमन्त' ह्यांचा आप्त. 'रुदुओ' (शरद) हा 'रुदास' म्हणजे तांबूस-तपकिरी ह्यावरून आला. त्याचे मूळ 'रुधिर' आणि 'रोहित' ह्यांच्या मुळाशी एकच आहे. कल्पित गावाच्या 'विझ्लाउकिस' ह्या नावातील उत्तरपद 'लाउकास' (शेत, मोकळी जागा) हे 'लोक' ह्या शब्दाचे सजातीय होय; संस्कृतातही 'लोक' ह्याचा जुना अर्थ मोकळी जागा असाच होता. मराठीने फार पूर्वी टाकून दिलेले द्विवचन ह्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात जिवंत आहे. मात्र ही बोली काही संग्रहालयात जपलेली नव्हती. शेतकरी स्वतःस जे 'बूरास' म्हणवितो तो शब्दच मुळी जर्मनमधून आलेला आहे. साहेबाची पदवीही तशीच. जेथे हुकूम जर्मनमधून येत तेथे हुकमाचे शब्दही जर्मनच असणार.

दोनेलाइतिसच्या मृत्यूनंतर हस्तलिखिते त्याच्या विधवेकडून वाल्टरकेमेनच्या धर्मोपदेशकाकडे, आणि तेथून लुडविग रेझा ह्याच्याकडे गेली. रेझाने १८१८ साली कोनिग्जबर्ग येथे ते काव्य जर्मन भाषांतरासह छापले व विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट ह्यास अर्पण केले. त्याने काही शेकडो ओळी गाळल्या आणि कित्येक बदलल्या, हा दोष लहान नाही. परंतु आरंभ त्याने केला हे मान्य केले पाहिजे. पुढे आउगुस्ट श्लायखर हा १८५२ साली प्रशियन लिथुआनियात प्रत्यक्ष जाऊन शेतकऱ्यांकडून भाषा शिकला, त्याने तिचे विख्यात व्याकरण लिहिले, आणि १८६५ साली सेंट पीटर्सबर्ग येथून दोनेलाइतिसची रचना प्रसिद्ध केली.

पंडित ह्या भाषेचा गौरव करीत असतानाच शाळेतून तिला बाहेर काढण्याचे काम चालू होते. १८७३ सालच्या आदेशाने प्रशियातील शाळांत, धर्मशिक्षण सोडून इतरत्र, जर्मन हेच माध्यम ठरले. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियन भाषेची सीमा हळूहळू उत्तरेस, मेमेल नदीकडे सरकली. तोल्मिंगकेमेन दक्षिणेस असल्यामुळे तेथे ती आधीच ओसरली. घरांत भाषा उरली नाही, तरी गावाच्या नावात मात्र ती उरली होती.

१९३८ साली तीही खटकली. पूर्व प्रशियाचा नाझी प्रमुख एरिख कोख ह्याच्या कारकीर्दीत त्या वर्षीच्या जुलै महिन्यात शेकडो बाल्टिक व पोलिश ग्रामनामे एकदम बदलण्यात आली. बदलण्याच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. कोठे सरळ भाषांतर केले : 'पिलिस' (दुर्ग, संस्कृत 'पुर्') आणि 'काल्नास' (टेकडी) मिळून झालेल्या पिलकालेनचे 'श्लॉसबेर्ग' म्हणजे दुर्गगिरी झाले. ज्या अर्थाचा त्याग करावयाचा तोच अर्थ नव्या नावात आला! लाझ्देनेन ह्या नावात 'लाझ्दिनास' (हेझलच्या झुडपांची राई) होता; त्याचे 'हाझेलबेर्ग' केले. कोठे जुने टाकून नवेच दिले. स्टालुपेनेनचे 'एबेनरोडे' झाले. दारकेमेनचा प्रकार तर मासलेवाईक आहे. '-केमेन' परके म्हणून त्या गावास जवळच्या नदीवरून 'आंगेराप' हे नाव दिले. परंतु आंगेराप हे नदीनाम स्वतःच बाल्टिक आहे. त्यातील 'आपे' म्हणजे नदी, आणि त्याची तुलना संस्कृत 'अप्' ह्याच्याशी करतात. एक बाल्टिक नाव घालवून दुसरे बाल्टिक नाव जर्मन म्हणून बसविण्यात आले.

तोल्मिंगकेमेनच्या बाबतीत कात्री चालविली. '-केमेन' कापून '-एन' लावले आणि ट्यूबिंगेन, गटिंगेन ह्यांसारखे अस्सल जर्मन भासणारे तोल्मिंगेन तयार झाले. मूळ लिथुआनियन नावात 'ग' नाही. 'क'पूर्वीच्या 'न'चा उच्चार अनुनासिक कंठ्य होतो, तो दाखविण्यासाठी जर्मन लेखनिकाने 'ग' घातला असे दिसते. आणि लेखनिकाच्या त्या सोयीवरच नव्या नावाचा सारा जर्मन डौल उभा राहिला. जे पद कापून टाकले ते जर्मन 'हाइम'चे नातलग होते, हे वर आलेच आहे.

हे नाव सात-आठ वर्षेच टिकले. ऑक्टोबर १९४४ मध्ये सोव्हिएट फौजा ह्याच भागातून प्रथम पूर्व प्रशियात शिरल्या. जानेवारी १९४५ मध्ये मुख्य चढाई झाली. पॉट्सडॅमच्या परिषदेनंतर उत्तर पूर्व प्रशिया सोव्हिएट संघाकडे गेला. उरलेल्या जर्मन रहिवाशांना मुख्यतः १९४७-४८ मध्ये बाहेर पाठविण्यात आले, आणि रशिया, बेलारूस इत्यादी प्रदेशांतून नवे लोक आणून वसविले. जुलै १९४६ मध्ये कोनिग्जबर्गचे कालिनिनग्राद झाले. स्टालुपेनेनला नेस्तेरोव आणि गुम्बिनेनला गुसेव ही नावे युद्धात पडलेल्या सोव्हिएट अधिकाऱ्यांवरून मिळाली. खेड्यांच्या वाट्यास बहुधा तळी, कुरणे, झाडे ह्यांची नावे आली. नामांतर करणाऱ्यांच्या दृष्टीने १९३८ चे नाझी नाव आणि त्यापूर्वीचे बाल्टिक नाव दोन्ही सारखीच 'जर्मन' होती. नद्यांकडे मात्र त्यांचे तितकेसे लक्ष गेले नाही. रोमिंते नदीची 'क्रास्नाया' झाली हे खरे. परंतु आंग्रापा, शेशुपे ही नावे रशियन नकाशावरही राहिली, आणि शेशुपेच्या अंती लिथुआनियन 'उपे' म्हणजे नदी अद्याप उभी आहे.

दोनेलाइतिसचे प्रार्थनामंदिर युद्धानंतर ओस पडून मोडकळीस आले. लिथुआनियातील संशोधकांनी तेथे उत्खनन केले. १९६७ साली त्यांना दोनेलाइतिसचे देहावशेष मिळाले. पडक्या भिंतींवरून वास्तू पुन्हा उभारण्यात आली, आणि १९७९ साली तेथे त्याच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडले. लिथुआनियनांना हे स्थळ तीर्थासारखे आहे. २०१४ साली कवीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. भोवतालच्या खेड्यात मात्र त्याची भाषा बोलणारा समाज राहिलेला नाही. मॉस्कोतील वसाहतीचे नाव धारण करणाऱ्या रशियन खेड्यात लिथुआनियन कवीचे थडगे, अशी ही स्थिती आहे.

हस्तलिखितांची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. कोनिग्जबर्गच्या संग्रहातील कागदपत्रे युद्धकाळात लोखश्टेटच्या किल्ल्यात हलविली होती. १९४५ साली लिथुआनियाहून गेलेल्या संशोधकांनी त्या किल्ल्याच्या पडझडीतून ती काढली व व्हिल्नियसला नेली. त्यांत 'मेताइ'चे वसंत आणि उन्हाळा हे दोनच भाग कवीच्या हातचे आहेत. शरद आणि हिवाळा ह्यांचा पाठ होलफेल्ट नावाच्या धर्मोपदेशकाने १७९४ साली केलेल्या प्रतीवरून आलेला आहे, व ती प्रतही आता गहाळ आहे. त्यामुळे 'रुदुओ' आणि 'झिएमा' ह्या भागांतील एखाद्या रूपावर अनुमान बांधताना ते दोनेलाइतिसचे की नकलकाराचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. पहिल्या दोन भागांबाबत मात्र कवीची स्वाक्षरीत प्रत उघडून पाहता येते.