घर्मग्रंथींतील मूलपेशी

घर्मग्रंथींतील मूलपेशी म्हणजे घामाच्या ग्रंथींत व त्यांच्या नलिकांत असणाऱ्या, विभाजनाने नव्या पेशी निर्माण करू शकणाऱ्या पेशी होत. त्वचेवरील जखम भरून येण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

मानवी त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. ग्रंथीचे वेटोळे अंतस्त्वचेत खोलवर असते, तर नलिका बाह्यत्वचेतून पृष्ठभागावर उघडते. त्यामुळे वरचा थर खरचटला किंवा भाजला तरी वेटोळे पुष्कळदा शाबूत राहते आणि तेथून नव्या पेशी वर येऊन जखम झाकतात.

हे कार्य बराच काळ दुर्लक्षित राहिले. प्रयोग बहुधा उंदरांवर होतात आणि उंदराला घर्मग्रंथी केवळ पंजांच्या तळव्यांवर असतात. त्याच्या इतर जखमा प्रामुख्याने केसांच्या मुळांतील व भोवतालच्या बाह्यत्वचेतील पेशी भरतात. २०१२ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील एलेन फुक्स यांच्या गटाने उंदरांच्या तळव्यांत दाखवून दिले, की वरवरची जखम नलिकेतील पेशी भरतात. वेटोळ्यातील पेशी मात्र ग्रंथीचीच डागडुजी करतात. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी माणसाच्या जखमांत घर्मग्रंथींचे योगदान दाखविले.

भाजलेल्या रुग्णांचे उपचार

खोल भाजल्यास ग्रंथीही जळतात व त्वचा आपोआप येत नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली त्वचा तेथे ग्लिसरॉलमध्ये साठवितात. मात्र हे आवरण तात्पुरते असते. रुग्णाचे शरीर काही आठवड्यांत ते नाकारते. अखेरीस रुग्णाच्याच मांडीची वा पाठीची पातळ त्वचा काढून लावावी लागते.

ही कलम-त्वचा इतकी पातळ असते, की घर्मग्रंथींची वेटोळी मूळ जागीच राहतात. म्हणूनच ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरते व गरज पडल्यास तेथून पुन्हा त्वचा घेता येते. परंतु जेथे कलम लावले, तेथे घाम जवळजवळ येत नाही. वसई-विरारसारख्या दमट किनारपट्टीवर निरोगी माणसाचा घामही लवकर वाळत नाही. अंगाच्या मोठ्या भागावर कलम झालेल्याला तेथील उन्हाळा असह्य होतो व उष्माघाताचा धोका वाढतो. घाम देणारी कृत्रिम त्वचा तयार करण्याचे संशोधन चालू असले, तरी ती अद्याप नित्याच्या उपचारांत आलेली नाही.