मुसीचा काठ

हैदराबादेतील उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला तेव्हा त्याच्या फांद्यांचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. शहरात हजारो मृत्युमुखी पडले. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून पूर अडविण्यासाठी १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले.

१९९६ साली सरकारने या जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत मोठ्या वसाहतींना व दूषित करणाऱ्या कारखान्यांना मनाई केली. ८४ गावांतील शेतकऱ्यांची, जमिनीला भाव येत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. २०२२ साली निर्बंध उठविण्याचा आदेश निघाला. २०२४ साली नदीच्या पुनरुज्जीवनासाठी पात्रातील घरांवर तांबड्या खुणा झाल्या आणि वाद पेटला.

वाचकहो, नदीस तिची वाट मोकळी हवी, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु वरच्या अंगास जमीन सिमेंटने झाकली, तर न मुरलेले पाणी खालच्याच वस्तीत शिरणार. वर मोकळीक आणि खाली हकालपट्टी, हा न्याय नव्हे. नियम दोहोंकडे सारखाच असावा. ज्यांस हलवावयाचे, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, कामाच्या व मुलांच्या शाळेच्या जवळ घर द्यावे, मगच भिंतीस हात लावावा. त्या चिंचेने आश्रय देताना कोणाचीही पायरी पाहिली नव्हती.