कॉल न उचलताही

पाळतीची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ त्याच्या जोडीला दुसरंही एक : ‘देश सोडला की सुटला.’ ओमर अब्दुलअझीझ या सौदी टीकाकारांनी देश सोडला होता. कॅनडात त्यांना रीतसर आश्रय मिळाला होता. जून २०१८ मध्ये त्यांच्या फोनवर कुरिअरचा मेसेज आला. खरंच काही मागवलेलं असल्याने त्यांनी लिंक उघडली. त्या लिंकवाटे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस हे पाळतीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरलं, असा निष्कर्ष टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने काढला. ऑगस्टमध्ये सौदीत त्यांच्या दोन भावांना आणि काही मित्रांना अटक झाली. सरकारी ट्रोलांना कसं तोंड द्यायचं, याबद्दल अब्दुलअझीझ पत्रकार जमाल खशोग्जींशी व्हॉट्सॲपवर बोलत असत. सिटिझन लॅबचा अहवाल १ ऑक्टोबरला आला. दुसऱ्याच दिवशी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खशोग्जींचा खून झाला. त्याच्याशी आपला संबंध नाही, असं एनएसओ सांगते. पण फोन एकाचा असला तरी त्यात बोलणं अनेकांचं असतं, हे भावांच्या अटकेनंतर वेगळं सांगायला नको.

व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे ना? आहे. एन्क्रिप्शन मेसेजला वाटेत सांभाळतं. पेगासस वाटेत थांबतच नाही. ते फोनमध्येच बसतं आणि मेसेज उलगडला की वाचतं.

‘अनोळखी लिंक उघडायची नाही’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधल्या एका त्रुटीतून पेगाससने सुमारे १४०० जणांना लक्ष्य केलं गेलं. भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्तेही त्यांत होते. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती.

आणखी एक समज आपल्या दाराशी येऊन तपासता येतो : पाळत म्हणजे नुसतं ऐकणं. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये आरोपी कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षासाठी त्याची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. २०२१च्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये आलेल्या एका ईमेलमधून ‘नेटवायर’ हे मालवेअर आत शिरलं आणि २२ महिने लॅपटॉप परक्याच्या हातात होता. पुरावा म्हणून पुढे आलेली पत्रं त्याच वाटेने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली गेली. एक बारकावा पाहण्यासारखा आहे. त्यातल्या काही फायली वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत तयार झाल्या, ती या लॅपटॉपवर नव्हतीच. तिथे वर्ड २००७ होतं. पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) हा अहवाल मान्य केलेला नाही. आणि नेटवायर म्हणजे पेगाससइतकं महागडं हत्यार नव्हे, सहज विकत मिळणारा माल होता. ‘एवढा खर्च माझ्यावर कोण करणार?’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

राहता राहिली ‘सुप्रीम कोर्टाने पेगाससला क्लीन चिट दिली’ ही समजूत. भारतात पेगासस वापरल्याच्या आरोपांच्या तपासासाठी कोर्टाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत काही मालवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं समितीला ठामपणे सांगता आलं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हेही तिने नोंदवलं, आणि ते ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर कोर्टात वाचून दाखवलं.