अहवालात एसटी नव्हती



गेल्या पावसाळ्यात धडगावकडच्या एका पाड्यावरची आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा तपासणी अहवाल घेऊन आमच्याकडे आली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही मोठ्याने वाचू लागलो. नजरेला नजर देत नाही. हाक मारली तर वळत नाही. इतर मुलांत खेळत नाही. ऐकलेले वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. दोन पाने भरून मुलाला काय येत नाही तेवढेच लिहिले होते. सगळे ऐकून ती म्हणाली, "पण सकाळची शहाद्याची एसटी यायच्या आधी तो रस्त्याला जाऊन उभा राहतो. एक दिवस चुकत नाही." हे अहवालात कुठेच नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते.

मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. तेव्हापासून बराच काळ थेरपिस्टचे शिक्षण उणिवा शोधायच्या आणि त्या भरून काढायच्या, याच वळणाने गेले. आता अनेक ठिकाणी त्यांना बलस्थानांपासून सुरुवात करायला शिकवले जाते. वर्गणीदारांपैकी काहींनी विचारले की यात नवीन ते काय, मुलाचे कौतुक तर कोणीही करील. कौतुक आणि हे काम यांत फरक आहे.

प्रशिक्षणात पहिल्यांदा थेरपिस्टच्या स्वतःच्या मोजपट्टीवरच प्रश्न केला जातो. 2007 साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी 38 स्वमग्न मुलांना बुद्धीच्या दोन चाचण्या दिल्या. एकीत तोंडी प्रश्नोत्तरांचा मोठा भाग होता, दुसरीत नुसत्या आकृत्या जुळवायच्या होत्या. शंभर मुलांच्या रांगेची कल्पना केली तर आकृत्यांच्या चाचणीत हीच मुले सरासरी 30 जागा पुढे गेली. त्या संशोधनाच्या प्रमुख लेखिका मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न आहेत. आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठीत सूचना दिली आणि तो गप्प राहिला, तर ती गप्पता स्वमग्नतेची की भाषेची? हा प्रश्न तपासणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

दुसरा धडा वागण्याचा अर्थ लावण्याचा. तेच वाक्य पुन्हा म्हणणे हा पूर्वी मोडायचा दोष समजला जाई. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी प्रिझंट यांनी दाखवून दिले की अशा वाक्यांतून मूल पुष्कळदा होकार देते, काही मागते किंवा स्वतःला शांत करते. आमचा हा मुलगा दिवसभर "चला, पुढे सरका" म्हणतो. कंडक्टरचे वाक्य! थेरपिस्टने चार दिवस टिपणे ठेवली, तेव्हा कळले की गर्दी किंवा गोंगाट झाला की तो हे म्हणतो. त्याला तिथून बाहेर पडायचे असते. वाक्य बंद करायचा हट्ट धरला असता तर त्याची होती तेवढी वाचाही गेली असती.

मग त्याची आवड कामाला लावायची. दिवसाच्या वेळापत्रकाचे चित्र काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येक कामाला एसटीच्या पाटीसारखी पाटी केली: आंघोळ, जेवण, शाळा. एक काम संपले की तो ती पाटी स्वतः काढून ठेवतो. पूर्वी काही प्रशिक्षणांत आवडीची वस्तू काढून घेऊन ती बक्षीस म्हणून परत देत. इथे आवड हीच शिकण्याची वाट आहे. ती हिसकावायची नसते.

यात एक धोका आहे आणि चांगले प्रशिक्षक तो लपवत नाहीत. प्रत्येक स्वमग्न मुलात एखादी अलौकिक कला दडलेली असते, हा सिनेमाने पसरवलेला समज आहे. तशी मुले थोडी. बलस्थान म्हणजे गाडीची वेळ पाळणे, बाटल्यांची झाकणे रंगवार लावणे, आजीशेजारी तासभर शांत बसणे, इतके साधेही असते. अडचणी नाहीत असेही म्हणायचे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यातल्या अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो देताना वापरतात ती भारतीय मोजपट्टी 40 मुद्द्यांची आहे आणि ती मुख्यतः अडचणी मोजते. म्हणून थेरपिस्टला दोन कागद लिहायला शिकवतात. दाखल्याच्या कागदावर अडचण जराही कमी करून लिहायची नाही, नाहीतर कुटुंबाचा हक्क बुडतो. दुसरा कागद आईवडिलांसाठी आणि शिक्षकांसाठी असतो. तो मुलाला काय जमते इथून सुरू होतो.

आपल्या मंडळीतही अशी मुले येतात. ढोलकी सुरू झाली की कान झाकतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी आईकडे रागाने बघते. अशा मुलाला दाराजवळची जागा द्यावी, गाणे सुरू होण्याआधी आईला खूण करावी. एवढ्याला थेरपिस्ट लागत नाही.

मुलगा आता शाळेत दोन तास बसतो. केस कापताना मात्र अजून घर डोक्यावर घेतो. आईने नवा कागद आमच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, शहाद्याच्या गाडीची वेळ साडेसातची लिहिली आहे, ती पावणेआठची करता येईल का? गाडीची वेळ बदलली होती. तिला ते मुलाकडूनच कळले होते.